कट्ट्यावर कोणी ‘चिंकी’, ‘काळू’, ‘हे भय्ये’ म्हणालं की तुम्ही काय बोलता?

टँकरची_वाट
घोडबंदर रोडला राहते. सोसायटीत सध्या एक प्रकरण चाललंय, त्यावरून हा धागा. ॲडमिन, विभाग चुकला असेल तर हलवा.

सातव्या मजल्यावरचा एक फ्लॅट मालकांनी दोन मणिपुरी मुलींना भाड्याने द्यायचं ठरवलंय. एक नर्स आहे, दुसरी मॉलमधल्या सलूनमध्ये कामाला. अजून सामानही आलेलं नाही, पण संध्याकाळी गेटजवळच्या कट्ट्यावर दुसरा विषय नाही. "चिंकी आहेत हो, काय काय शिजवतील, अख्ख्या विंगेत वास." "रात्री-अपरात्री येणं-जाणं असतं त्यांचं." मग गाडी घसरत घसरत भय्यांवर, तिथून बांगलादेशींवर, तिथून खारघरला राहणाऱ्या आफ्रिकन पोरांवर (‘ते काळू’), आणि शेवटी नेहमीचं: "ह्या लोकांमुळेच आपल्याला पाणी पुरत नाही." सगळं हसतखेळत, शेंगदाणे खात. शेंगदाण्याच्या पुड्या आणून देणारा वॉचमन नेपाळचा. तो तिथेच उभा असतो, त्याच्यासमोर सगळं.

बोलणारे कोणी गुंड नाहीत. त्यातल्या एका काकांनी रात्री अडीच वाजता माझ्या आईला स्वतःच्या गाडीतून हॉस्पिटलला पोचवलंय. त्यांचीच मुलगी डब्लिनला असते. २०२५ च्या उन्हाळ्यात तिथे भारतीयांवर हल्ले झाले तेव्हा काकूंचा जीव टांगणीला लागला होता. पण तो विषय आणि हा विषय ह्यांची काकांच्या डोक्यात गाठच पडत नाही.

मला भाषण ठोकायचं नाहीये, आणि उद्या लिफ्टमध्ये तोंड चुकवावं लागेल असं भांडणही नको. पण मी नुसती हसून उभी राहिले की ‘हीसुद्धा आपल्यातलीच’ असं धरून चालतात, ते जास्त टोचतं. तुम्ही अशा वेळी नेमकं काय बोलता? ‘समजावून सांगा’ असं उत्तर कृपया नको. वाक्यं सांगा.

शिळा_पाव
खुर्ची टाकून बसलोय.

गप्प_गुमान
माझा अनुभव विचाराल तर विषय बदलावा. "काल मॅच बघितली का?" बस्स. साठीनंतर माणूस बदलत नाही. पोरी राहायला येतील, महिनाभरात ह्याच काकू त्यांच्याकडे साबुदाणा वडे पाठवतील. तुम्ही मध्ये पडून सगळ्यांची तोंडं कडू करू नका.

ट्रान्सहार्बर_७_५२
@गप्प_गुमान, वडे जातील हो, पण घर मिळालं तर ना. कट्ट्यावरच्या गप्पांचं मॅनेजिंग कमिटीत पत्र व्हायला वेळ लागत नाही.

मी रोज ठाणे-वाशी लाइनने जाते, लेडीज डब्यात. तिथे हे नेहमीचं. माझी पद्धत एकच: विचारायचं, "कोण हो?"

मागे एक ठरलेल्या सीटवाली मैत्रीण तावातावाने बोलत होती, "भय्यांनी ठाण्याची वाट लावली, सगळे चोर." मी म्हटलं, "कोण, तुमचा इस्त्रीवाला?"
"नाही गं, तो बिचारा चांगलाय. किती वर्षं येतो. मुलगी पॉलिटेक्निकला आहे त्याची."
"मग भाजीवाला?"
"तो उधार देतो मला!"
"मग चोर कोण?"
"अगं म्हणजे… बाकीचे."
समोरच्या दोघी फिसकन हसल्या, मग तीही हसली. रबाळ्यापर्यंत इस्त्रीवाल्याच्या मुलीच्या ॲडमिशनची गोष्ट चालली. तिचं मतपरिवर्तन झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी ‘सगळे’ हा शब्द तिला परत वापरता आला नाही.

दोन पथ्यं. आवाजात वकिली येऊ द्यायची नाही, खरोखर कुतूहल वाटल्यासारखं विचारायचं. आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो माणूस तिथे हजर असेल, तुमच्या वॉचमनसारखा, तर बोलणाऱ्याकडे वळायच्या आधी त्याच्याशी बोलायचं. "दादा, गावी सगळे बरे ना? पाऊस कसा आहे तिकडे?" इतकंच. कट्टा आपोआप दोन मिनिटं गप्प होतो. तो माणूस ऐकतोय ह्याचं भान नसतं लोकांना, ते भान आणून द्यायचं.

तळपायाची_आग
झालं सुरू. मराठी माणसाने सगळं सहन करायचं, आणि चार शब्द कट्ट्यावर बोलला तर तो लगेच वंशवादी. बँकेत मराठी चालत नाही, दुकानात चालत नाही, "हिंदी में बोलो" ऐकायचं आपल्याच गावात. त्यावर धागा काढा की कधी.

टँकरची_वाट
@तळपायाची_आग, बँकेत "मराठीत बोला" असं मीही म्हणते, आणि ते म्हणताना मला अजिबात लाज वाटत नाही. पण त्याचा सातव्या मजल्यावरच्या मुलींच्या डोळ्यांच्या आकाराशी काय संबंध? तुम्ही दोन्ही एका पिशवीत घातलंत की मराठीचा मुद्दाही त्या पिशवीबरोबर कचऱ्यात जातो.

खाडीचा_निवटा
‘आपलं गाव’ निघालंच आहे तर कोपरखैरणेकडचा एक आगरी बोलतो.

सिडको, नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, १९७० साली आली. ९५ गावांची जमीन गेली. मिठागरं गेली, भातशेती गेली, खाडीत भराव पडले. १९८४ च्या जानेवारीत उरणकडे, जासईला, भाव मागायला उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. त्या भूखंडांसाठी आमच्या घरातल्या दोन पिढ्यांनी चपला झिजवल्या. आता सांगा, ह्यात भय्याने काय केलं? जमीन घेणाऱ्या कागदावर सही करणारे सगळे साहेब मराठीच बोलत होते.

आणि दुसरी बाजूही सांगतो. आमच्या गावात मार्केटला कामाला आलेल्या साताऱ्या-सांगलीच्या लोकांना ‘घाटी’ म्हणायचे. चाळी बांधून भाडं त्यांच्याकडूनच घ्यायचं आणि पाठीमागे नावं ठेवायची. आज त्याच चाळींत यूपी-बिहारची पोरं राहतात, भाडं आम्हालाच येतं, आणि नावं ठेवण्यात आता घाटी आणि आम्ही एका बाजूला. गंमत आहे सगळी.

राग खरा आहे आमचा. फक्त तो चुकीच्या पत्त्यावर टाकला की ज्याचा पत्ता खरा, तो निवांत झोपतो.

कांदाबटाटा_लाइन
@खाडीचा_निवटा, माझे वडील त्या ‘घाट्यां’पैकी एक. जावळी तालुका, सातारा. आधी मशीद बंदर, मग मार्केट वाशीला आलं तसे तेही आले. पाठीवर गोणी, डोक्याला फडकं. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्याने १९६९ चा माथाडी कायदा झाला नसता तर आम्हा भावंडांचं शिक्षण झालं नसतं.

लहानपणी सेक्टरमधल्या एका बाई मला "ए घाटन" म्हणून हाक मारायच्या. प्रेमानेच म्हणायच्या, खाऊ पण द्यायच्या. म्हणून ‘प्रेमाने म्हणतो हो आम्ही’ हे स्पष्टीकरण कुणी दिलं की मी सांगते, खाऊ आवडायचा, हाक नाही आवडायची. ह्यावर अजून तरी मला कोणी उत्तर दिलेलं नाही.

शिळा_पाव
वरचे दोन्ही प्रतिसाद +१. खुर्ची पुढे ओढली आहे.

कलम_काढा
कायद्याचं थोडं, कारण प्रकरण घर नाकारण्यापर्यंत जाऊ शकतं.

सभासदाला स्वतःचा फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे आधी कळवायचं, करार नोंदवायचा, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची. ना-वापर शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. ‘मणिपूरवाल्यांना एनओसी नाही’ असं पत्र कमिटीने काढलं तर मालकाने सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जावं. भाडेकरू परदेशी असेल तर घरमालकाला २४ तासांत त्याची माहिती नोंदवावी लागते, बाकी त्यातही गूढ काही नाही.

नागरिकाने देशात कुठेही राहावं हे घटनेच्या कलम १९ मध्ये आहे. नेपाळच्या माणसाला तर १९५० च्या भारत-नेपाळ कराराने इथे राहायची, कामधंदा करायची मोकळीक आहे, त्याला ‘घुसखोर’ म्हणणं हे शुद्ध अज्ञान. ईशान्येकडच्या अनुसूचित जमातींच्या लोकांना ‘चिंकी’ म्हणणं ॲट्रॉसिटी कायद्याखाली येऊ शकतं असं केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१२ मध्ये राज्यांना कळवलं होतं. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत निडो तानिया ह्या अरुणाचलच्या तरुणाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. भांडणाची सुरुवात त्याच्या केसांवरून केलेल्या टवाळीने झाली होती. त्यानंतर बेझबरुआ समिती नेमली गेली, तिने अशा शेरेबाजीसाठी वेगळी कलमं सुचवली.

पण हे कट्ट्यावर काढू नका. शेंगदाणे खाणाऱ्या माणसाला कलम ऐकवलं की तो बाकीच्या कट्ट्याचा हिरो होतो. कलम पत्राला उत्तर द्यायला ठेवा.

गप्प_गुमान
टवाळीवरून जीव गेला हे माहीत नव्हतं. तरी माझं म्हणणं कायम आहे, रोजच्या माणसांशी वाकडं घेऊ नये.

ट्रान्सहार्बर_७_५२
वाकडं न घेताही बोलता येतं, हेच तर सगळे सांगतायत. "काका, हा शब्द नको ना" एवढं म्हणून पुढचा शेंगदाणा तोंडात टाकायचा. कारण विचारलं तर, "मला नाही आवडत." लांबण लावायची नाही. काकांच्या पिढीला मोठ्या आवाजातल्या तत्त्वापेक्षा घरातल्या पोरीची नाराजी जास्त लागते.

आणि एक. ‘आपणही कधीतरी बाहेरूनच आलो’ हा वर आलेला मुद्दा मला पटतो, पण कट्ट्यावर तो फेल जातो. काका लगेच म्हणतात, "आम्ही कष्टाने आलो, नियमाने आलो, आमची गोष्ट वेगळी." प्रत्येकाची गोष्ट वेगळीच असते.

स्वेटर_बारा_महिने
डब्लिनचा उल्लेख आला म्हणून लॉगिन केलं. (काकांची मुलगी मी नव्हे, पण असू शकले असते. मूळची नौपाड्याची.)

इथे तेच आहे. आयरिश लोकांच्या घराघरांत दुष्काळात अमेरिकेला गेलेल्या खापरपणजोबांच्या गोष्टी आहेत. आपण सगळ्या जगात स्थलांतर केलं, हे शाळेत शिकवतात. तरीही २०२५ च्या जुलैत डब्लिनच्या टाला भागात एका भारतीय माणसाला खोटा आरोप करून मारलं, १ ऑगस्टला आपल्या दूतावासाने भारतीयांसाठी सावधगिरीची सूचना काढली, इंडिया डेचा मोठा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. तेव्हा @ट्रान्सहार्बर_७_५२ म्हणतात ते खरं, इतिहास माहीत असून उपयोग होत नाही.

त्या दिवसांत बसमध्ये एक बाई मला ऐकू जाईल अशा बेताने मैत्रिणीला म्हणत होती की हे इंडियन येऊन सगळी घरं खातात. माझ्या शेजारी ऑफिसमधली एक आयरिश बाई होती, पन्नाशीची. ती वळली आणि अगदी थंडपणे म्हणाली, "ही माझ्या टीममध्ये आहे. माझ्याहून जास्त भाडं भरते आणि तिच्याही घराच्या छतातून पाणी गळतं." मग त्या दोघी घरमालकांना शिव्या घालायला लागल्या! मला त्यात कुणी ओढलं नाही आणि वगळलंही नाही. स्टॉप आला, उतरले.

ती माझ्या वतीने रागावली असती तर मला आणखी ओशाळं झालं असतं. इथे घरांची टंचाई खरीच आहे, तिने ती नाकारली नाही. फक्त माझ्या डोक्यावरून उतरवली. तुमच्या कट्ट्यावर पाण्याचं तसंच असणार.

टेंभीनाक्याचा_तिठा
@स्वेटर_बारा_महिने, वा.

थोडं अवांतर, पण ठाण्याचंच. टेंभी नाक्याजवळचं सिनेगॉग १८७९ सालचं. आमच्या आजीच्या शेजारी बेने इस्राएल (म्हणजे मराठी ज्यू) कुटुंब होतं, घरात अस्सल मराठी, खोबरं घातलेली मच्छी, सगळं आपल्यासारखं. १९४८ नंतर त्यांच्यातले खूप जण इस्राएलला गेले, स्वतःच्या धर्माच्या देशात. तिथे गेल्यावर त्यांच्या कातडीवरून आणि ते ‘खरे’ ज्यू आहेत का ह्यावरून प्रश्न निघाले. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला काही जणांनी ‘आम्हाला भारतात परत पाठवा’ म्हणून धरणं धरलं. पुढे त्यांची लग्नं लावताना वंशावळ तपासायचा फतवा निघाला, त्याविरुद्ध १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये आंदोलन झालं आणि सरकारला त्यांच्या बाजूने उभं राहावं लागलं.

मला त्यातलं एवढंच लक्षात राहतं की धर्म एक, देश हवाहवासा, कागदपत्रं चोख, तरी कोणीतरी तुमच्या तोंडाकडे बघून ‘हे कुठले?’ म्हणणारच. तेव्हा ‘नियमाने आलेल्यांना कोण बोलतंय’ ह्या वाक्यावर माझा विश्वास नाही.

तळपायाची_आग
बरं, मग बांगलादेशी घुसखोरांनाही भाऊ म्हणायचं का? सरळ उत्तर द्या. पुरोगामी लोक इथे आले की गोल फिरतात.

कलम_काढा
सरळ उत्तर: बेकायदा राहणारा परदेशी माणूस हा पोलिसांचा आणि कोर्टाचा विषय आहे. कारवाई व्हावी. तो कोण आहे हे कट्ट्यावरून, त्याच्या लुंगीवरून किंवा बंगाली बोलण्यावरून ठरत नाही. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई-मीरा रोड भागातून उचललेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकललं गेलं, आणि ते भारतीय निघाल्यावर परत आणावं लागलं. यंत्रणेच्या हातून असं होतं, तर तुमच्या-माझ्या नजरेचा काय भरवसा?

तळपायाची_आग
हे एक उदाहरण.

कलम_काढा
तुमच्याकडे तर तेही नाही.

ॲडमिन
दोघेही जरा दमाने. धागा चांगला चाललाय.

फळा_खडू
महापालिकेच्या शाळेत शिकवते, नवी मुंबईत. वर्गात वॉचमनची, इमारतीवर काम करणाऱ्यांची बरीच मुलं. एका नेपाळी मुलाला बाकीचे सलाम ठोकून "ओ शाबजी" म्हणायचे. तोही हसायचा. ‘तोही हसतोय, म्हणजे चाललंय’ असं धरून बसलेल्या पालकांशी मी बराच वेळ डोकं लावलं. मग त्यालाच कोपऱ्यात विचारलं, तर म्हणाला, "नाही हसलो तर जास्त करतात, बाई."

घरातून आलेलं असतं हे सगळं. त्या सलामाचा हात कसा वाकवायचा, मान कशी तिरकी करायची, हे सातवीतल्या पोराला कोण शिकवतं? सिनेमा आणि बाबा. मी सलाम करणाऱ्याला एवढंच सांगितलं की पुढचा आठवडाभर त्याला त्याच्या नावाने हाक मारायची, आडनावासकट, आणि मारली की मला येऊन सांगायचं. पोरांना आडनाव माहीतच नव्हतं. पहिले दोन दिवस चुकीचं उच्चारत होते, तो दुरुस्त करत होता. दुरुस्त करताना मात्र तो हसत नव्हता, चांगला मास्तरासारखा दटावत होता.

टँकरची_वाट
सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

मंगळवारी कट्ट्यावर परत निघालं. मी ट्रान्सहार्बरताईंचं वाक्य वापरलं: "काका, चिंकी नका ना म्हणू, मला नाही आवडत." काका म्हणाले, "अगं, सगळेच म्हणतात." मी म्हटलं, "म्हणूनच तुम्हाला सांगतेय, सगळ्यांना कुठे सांगू?" थोडे वरमले. मग म्हणाले, "बरं, त्या मणिपूरच्या." त्यांच्या शेजारी बसणारे दुसरे एक गृहस्थ मात्र मुद्दाम चारदा तोच शब्द बोलले, माझ्याकडे बघून. त्यांच्यावर माझ्याकडे उपाय नाही आणि मी वेळ घालवणारही नाही.

कमिटीत पत्राचा मसुदा खरंच तयार होता! मालकांनी उपविधीचं सांगितल्यावर सेक्रेटरींनी तो गुंडाळला. मुली एक तारखेला येतायत.

डब्लिनचं मी मुद्दामच काढलं नाही. काकांच्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवून वाद जिंकायचा नव्हता. पण स्वेटरताईंच्या बसवालीचं मात्र चोरलं. "ह्या लोकांमुळे पाणी नाही" आलं तेव्हा विचारलं, "काका, सातव्या मजल्यावर दोन मुली राहिल्या काय नि चौघांचं कुटुंब राहिलं काय, जास्त पाणी कोण वापरेल?" मग पाण्यावर पाऊण तास. ठाण्याला स्वतःच्या मालकीचं धरण नाही, स्टेम (पाणी पुरवणारी कंपनी), एमआयडीसी, मुंबई महापालिका असं इकडून-तिकडून पाणी येतं, आणि टॉवरला परवानग्या मात्र धडाधड. नवी मुंबईने मोरबे धरण घेतलं, आपण काय केलं? काका एमएसईबीतून निवृत्त, त्यांना ह्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. तावातावाने बोलले, आणि त्यात एकदाही ‘हे लोक’ आलं नाही. येत्या जनरल बॉडीत टँकरच्या बिलांचा विषय तेच मांडणार आहेत.

आता प्रश्न व्हॉट्सॲप ग्रुपचा. तिथे खारघरच्या आफ्रिकन मुलांचे चोरून काढलेले फोटो आणि खाली घाणेरड्या ओळी येतात. तिथे काय करता?

ट्रान्सहार्बर_७_५२
ग्रुपवर उत्तर नाही द्यायचं, तिथे गॅलरी भरलेली असते. पाठवणाऱ्याला वेगळा मेसेज: "हा फोटो कोणाचा आहे, त्याला विचारून काढलाय का? काढून टाका प्लीज." बरेच जण गुपचूप डिलीट करतात. नाही केला तर ग्रुप ॲडमिनला.

कलम_काढा
आणि त्यात मारा-हाकला अशी भाषा असेल तर स्क्रीनशॉट ठेवा. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ वंश, जन्मस्थान, भाषा ह्यांवरून तेढ पसरवण्याबद्दलच आहे.

तळपायाची_आग
पाण्याबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे. आमच्याकडे कासारवडवलीला महिन्याचं टँकरचं बिल मेंटेनन्सच्या वर जातं. पण ते इथे कशाला, वेगळा धागा काढा. तिथे बोलतो.

शिळा_पाव
काढा. खुर्ची तिकडे नेतो.